सोबिरजानचा वैरी

मयताच्या घरी पुरुषांनी दाराबाहेर उभं राहायचं आणि बायकांनी आत रडायचं, ही आमच्या मर्गिलान गावची रीत. जो मुलगा असेल तो अंगरख्यावर कमरेला शेला बांधतो आणि समाचाराला येणाऱ्या प्रत्येकापुढे "हाय माझे दादा!" म्हणून टाहो फोडतो. बापाला आमच्याकडे दादा म्हणतात. शेला बांधणं म्हणजे हा बाप माझा होता, असं साऱ्या गावाला ओरडून सांगणं.

सोबिरजान कबूतरबाज गेला तेव्हा त्याच्या दारात शेला बांधायला हक्काचं कुणी नव्हतं. मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी मावजुदा. तिचा नवरा रशियात बांधकामावर गेला तो तिकडेच दुसरा संसार मांडून बसला, तेव्हापासून ती बापाकडेच होती. दोघे-तिघे भाचे उभे केले होते, पण उसन्या रडण्याला ओल कुठून येणार? खाली मान घालून दुःख केल्यासारखं दाखवत होते आणि हातातल्या फोनकडे बघत होते. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी असा हंबरडा उठला, की आत बायकांच्या घोळक्यात बसलेली मावजुदा रडायची थांबली.

"हाय माझे दादा! मला कुणाच्या भरवशावर टाकलंत, दादा!"

"हा कोण गं?" तिनं शेजारणीला विचारलं.

शेजारीण पडद्याच्या फटीतून बघून आली. तिला सांगावं की नाही ते कळेना. "इस्मत कसाई," ती शेवटी म्हणाली. "शेला बांधून आलाय."

मावजुदाच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. इस्मत कसाई? तिच्या बापाचा जन्माचा वैरी? पाय मोडल्यापासून बापाला कुशीवर वळवलं कुणी, त्याची ताटली-वाटी उचलली कुणी, रात्री-अपरात्री त्याच्या शिव्या खाल्ल्या कुणी? तिनं. आणि साऱ्या गावादेखत त्याचा मुलगा होऊन उभा राहिला कोण, तर हा मेंढ्यांच्या चरबीनं हात माखलेला रेडा! आणि तिनं मात्र पडद्याआड बसायचं, कारण बाईचं रडणं उंबऱ्याबाहेर ऐकू गेलेलं बरं दिसत नाही.

"मोठ्यानं रडतोय," शेजारीण कौतुकानं म्हणाली. "पोटच्या मुलासारखा."

"तोंड बंद कर," मावजुदा म्हणाली.

*

सोबिरजान रेशमाच्या गिरणीत रंगखात्यात फिटर होता. बुटका, पायानं फेंगडा, बोटांच्या नखांत जन्मभराचा निळा-लाल रंग. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तो रंग गेला नाही. मयताला आंघोळ घालणाऱ्यांनीसुद्धा घासून पाहिला म्हणे. गिरणीत तो पोटासाठी जायचा. जगायचा तो छतावर.

छतावर त्याची कबुतरं होती. पायांना पिसांचे मोजे असलेली, वर जाऊन कोलांट्या मारणारी, मारताना टाळ्या पिटल्यासारखे पंख वाजवणारी. छतावरून शेजाऱ्यांची अंगणं दिसतात, तिथे बायका उघड्या डोक्यानं वावरतात. म्हणून सभ्य कबूतरबाज चढण्याआधी हाळी देतो. सोबिरजान रोज सकाळी शिडीच्या पहिल्या पायरीवर उभा राहून ओरडायचा, "आयाबहिणींनो, सोबिर चढतोय!" की गल्लीभर ओढण्या डोक्यावर जात. त्या हाळीवर लोक मुलांना शाळेत धाडायचे.

त्याच्या अंगरख्याच्या खिशात कायम राळे असत. ते धुण्याच्या पाण्यात सांडायचे आणि अंगणात मोरीच्या कडेनं राळ्यांची कणसं उगवायची. कबुतरांना नावं होती: केलिन, म्हणजे नवरी; मुल्ला; सोनार; लंगडा खान. मुलीला हाक मारताना मात्र गडी हमखास चुकायचा. "केलिन... सोनार... ए, काय गं तुझं नाव, चहा आण!"

लोक हसायचे. मावजुदाही हसायची, दात दाखवण्यापुरती. लहानपणी तिनं एकदा शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. "उतर!" वरून बाप ओरडला. "मुलींनी छतावर यायचं नसतं." ती उतरली आणि मोरीच्या कडेची राळ्याची सगळी कणसं मुळासकट उपटून काढली. तेव्हापासून तिचं आणि कबुतरांचं बिनसलं. सवत परवडली, निदान ती स्वयंपाकाला तरी हात लावते.

पुढे मावजुदा मोठी तिखट बाई झाली. हिवाळ्यात गल्लीचा गॅस बंद पडला तर सगळ्या बायकांना घेऊन हीच कचेरीच्या पायऱ्यांवर चूल मांडून बसली. साहेबाच्या खिडकीत धूर गेला तेव्हा गॅस आला. मोहल्ल्याच्या म्होरक्यालाही ती भर सभेत "तुमची दाढी पांढरी झाली, अक्कल अजून हिरवीच आहे" म्हणालेली. पण घरी येऊन शिडीकडे पाहिलं की तिच्या पोटात तोच जुना निखारा फुलायचा.

त्यात नात झाली. सनोबर. आजोबांना ती बुवा म्हणायची. आणि सोबिरजाननं काय करावं? नातीला शिडीवर घेतलं! छतावर नाही, रीत म्हणजे रीत. पण शेवटच्या पायरीवर. तिथे बसून सनोबर छताच्या कडेवर हनुवटी टेकवून दिवसदिवस कबुतरं बघायची आणि आजोबा तिच्याशी असे बोलायचे, जसे पोटच्या मुलीशी कधी बोलले नाहीत. पोर वाढली, नर्सिंगचं शिक्षण घेऊ लागली, तरी तिची ती पायरी सुटली नाही. स्वतःच्या लेकीचा हेवा वाटणं ही गोष्ट कुणाला सांगायची? मावजुदा खालून भांडी आपटायची.

पण या सगळ्यांवर ताण होता इस्मत.

कबूतरबाजांत एकतर सुलह असते नाहीतर जंग. सुलह असेल तर वाट चुकून आलेलं पाखरू संध्याकाळी मालकाकडे परत जातं. जंग असेल तर ज्याच्या छतावर उतरलं त्याचं. सोबिरजान आणि तीन गल्ल्या पलीकडचा इस्मत यांची जंग मावजुदाच्या लहानपणापासून चालू होती. जेवायला बसलं की इस्मत. "आज इस्मतनं उशिरा उडवली." "इस्मतचा काळा नर आज फसणार होता, वाऱ्यानं वाचला बेटा." घरात कोण आजारी आहे, कुणाला शाळेत बक्षीस मिळालं, याचा पत्ता नाही; इस्मतला पडसं झालं की याला छतावरून कळायचं. इस्मतचं पाखरू धरलं की सोबिरजान त्याच्या पायात गिरणीतला निळा रेशमी दोरा बांधायचा आणि त्या रात्री दोन वाट्या जास्त जेवायचा.

आणि मावजुदाचं लग्न! त्याच दिवशी इस्मतनं केलिनला, सोबिरजानच्या काळजाच्या तुकड्याला धरलं. लेक निघाली तेव्हा सोबिरजान भिंतीला टेकून असा रडला, की वऱ्हाडी म्हणाले, बाप असावा तर असा. मावजुदा बुरख्याआडून बघत होती. तो रडता रडता मान वर करून आकाशाकडे बघत होता. तिला तेव्हाच कळलं, नवरीसाठी रडतोय खरा, पण कुठल्या नवरीसाठी!

*

विसाव्या दिवशी पहाटे पुलाव होता. मोठ्या कढईत गाजरं, तांदूळ, मेंढीचं मांस. सूर्य उगवायच्या आत सारा मोहल्ला येऊन जेवून जातो. इस्मत शेला बांधून दारात उभाच होता. येणाऱ्यांना हात देत होता, वडीलधाऱ्यांना बसवत होता, जणू घरचा कर्ता. आत मात्र त्यानं पाऊल टाकलं नाही. सनोबर त्याच्यासाठी ताटली घेऊन बाहेर गेली आणि भरली ताटली घेऊन परत आली.

"काय झालं?"

"नको म्हणाले."

"नको?" मावजुदाचा आवाज चढला. "आमच्या घरचा भात त्याच्या घशाखाली उतरत नाही?"

"आई, ऐक तर, ते काय आहे—"

"तू मला शिकवू नकोस!"

तेवढ्यात बाहेरून म्होरक्याचा आवाज आला. तो इस्मतच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलत होता. "पूर्वी कबूतरबाजाची साक्ष काझीसुद्धा घेत नसे. पण मी म्हणतो, सोबिरजानचं नशीब थोर. मागे कुणी नाही, कुणी नाही म्हणता म्हणता हा इस्मत मुलगा होऊन उभा राहिला."

मागे कुणी नाही! मावजुदानं पडदा बाजूला सारला आणि ती तशीच उघड्या डोक्यानं दारात आली. जेवणाऱ्यांचे घास हातातच राहिले.

"म्होरके, मी कोण? मोरीतलं राळ्याचं कणीस?"

"अगं पोरी, तसं नाही—"

"कसं मग? त्याला औषध पाजताना तुम्ही होतात की हे कसाई होते? इस्मत-अका, ऐकताय ना? माझा बाप अंथरुणावर पडून छताकडे बोट दाखवत राहिला, तेव्हा तुम्ही एकदा तरी हा उंबरा ओलांडलात? नाही! आणि आता मेल्यावर मुलगा व्हायला आलात? सोडा तो शेला!"

इस्मत एवढा धिप्पाड माणूस, पण खाली बघत राहिला. "सोडतो, पोरी," तो म्हणाला. "चाळिसावा दिवस झाला की सोडतो."

म्हणजे तेही याच्याच मर्जीनं! मावजुदा गर्रकन आत वळली. "रविवारी सगळी कबुतरं बाजारात," ती सनोबरला म्हणाली. "एक पीस ठेवणार नाही. आणि त्या कसायाची पाखरं आजच्या आज त्याच्या तोंडावर फेकते."

"आई, तसं करू नकोस. परत देण्याचा अर्थ तुला—"

"सांगितलं ना, शिकवू नकोस!"

*

पाहुणे पांगले तशी ती शिडीपाशी आली. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना तिला क्षणभर वाटलं, वरून कुणीतरी "उतर!" म्हणेल. कुणी म्हणालं नाही. त्यानं तिला आणखीच राग आला. तिनं छाती भरून हाळी दिली.

"दादाभावांनो, मावजुदा चढतेय! लाज झाका!"

शेजारच्या अंगणात विजार गुडघ्यावर खोचून दाढी करत बसलेला म्हातारा रहमत वस्तरा टाकून घरात पळाला. "कयामत आली!" असं तो ओरडल्याचं नंतर गल्लीभर झालं.

वर मातीचं छत, खुराडी, लांब काठी, काठीच्या टोकाला चिंधी, जाळं. आणि एक मोडकी खुर्ची. मावजुदा त्या खुर्चीकडे बघत राहिली. सकाळच्या उन्हाकडे पाठ करून, डोंगराकडे पाठ करून, घराच्या अंगणाकडे तर पूर्ण पाठ करून ती ठेवलेली होती. ती खुर्चीवर बसली. समोर छतंच छतं, आणि सगळ्यांच्या मधून सरळ रेषेत एकच छत उघडं पडत होतं, हिरव्या खुराड्याचं. इस्मतचं.

इतकी वर्षं तिचा बाप इथे बसून याच्याकडे बघत होता. बायको खाली म्हातारी झाली, मेली. मुलगी सासरी गेली, परत आली. खुर्ची हलली नाही.

"बघत बस," मावजुदा म्हणाली. कुणाला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं खुराड्यात हात घातला. कबुतरांनी पंखांनी तिच्या तोंडावर सपासप मारलं, मनगट टोचून काढलं. तरी पायात निळा दोरा दिसेल ते एकेक धरून तिनं रोट्यांच्या दोन टोपल्यांत कोंबलं, वर फडकी बांधली.

बाजारात इस्मतच्या दुकानावर गिऱ्हाईक होतं. मेंढीची चरबीदार शेपटी तोलत असलेला इस्मत तिला बघून थांबला. समोरच्या चायखान्यात म्हातारे पियाले फुंकत बसले होते. त्यातले निम्मे कबूतरबाजच. मावजुदानं दोन्ही टोपल्या मांसाच्या ओट्यावर आदळल्या.

"घ्या तुमचा केरकचरा! माझ्या बापाच्या घरात तुमचं पीसही नको!"

इस्मतनं फडकं उचललं. आत माना उंचावणारी पाखरं, पायांत निळे दोरे. त्याचा सुरा ओट्यावर पडला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

चायखान्यातला एक म्हातारा उठला, छातीवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या मागोमाग दुसरा, तिसरा.

"मुबारक असो," पहिला म्हणाला. "सुलह झाली."

"कसली सुलह?" मावजुदा कडाडली. "मी तोंडावर फेकलीत!"

"दोरेसुद्धा न सोडता फेकलीस, मुली. बदल्यात काही न मागता. याहून मोठी सुलह आम्ही तरी पाहिली नाही. सोबिरजानला जन्मात जमलं नाही ते तू केलंस."

तिला वाटलं, म्हातारे थट्टा करतायत. इस्मतकडे बघितलं तर तो खुश दिसत नव्हता. घरी येऊन तिनं सनोबरला पकडलं, आणि पोरीनं कपाळावर हात मारून घेतला.

"तेच तर सांगत होते! धरलेलं पाखरू बदल्यात काही न घेता परत दिलं की वैर संपतं. बुवांनी आयुष्यभर दिलं नाही, आणि तू टोपल्या भरून दिलीस!"

"तुला कसं ठाऊक?"

"बुवांनी सांगितलं. पायरीवर."

पायरीवर! मावजुदानं मोरीवर जाऊन भांडी आपटली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्मत आला. कमरेला शेला होताच, हातात मोठी टोपली. उंबऱ्यापाशी थांबला, उजवा पाय उचलला आणि आत ठेवला, थंड पाण्यात ठेवावा तसा. द्राक्षाच्या मांडवाखालच्या बाजेवर बसल्यावर त्यानं आधी रोटीचा तुकडा मोडला, मिठात बुडवला आणि खाल्ला.

"जंगेत एकमेकांचं मीठ खात नाहीत," तो म्हणाला. "म्हणून पुलाव नाकारला. म्हणून तो आजारी असताना उंबरा ओलांडला नाही. रीत आहे. शेला बाहेर बांधता येतो, त्याला कुणाची मनाई नाही. मीठ तेवढं नाही."

मावजुदानं चहा ओतला. निम्माच ओतला, पाहुण्याला देतात तसा. भरून दिला असता तर 'पिऊन निघा' असा अर्थ झाला असता. तिला तो भरून द्यायचा होता, पण हातानं ऐकलं नाही.

"मी त्याला कितीदा म्हटलं, सोबिर-अका, म्हातारे झालो, सुलह करू," इस्मत म्हणाला. "चायखान्यात सगळ्यांसमोर पाखरू त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं घेतलं नाही. म्हणाला, तुझ्याशी सुलह केली तर मी सकाळी उठू कशाला?"

झालं. निखाऱ्यावर तूप. "हो ना!" मावजुदा म्हणाली. "तुमच्यासाठीच उठायचा! त्याला गरम पाणी लागतं, रोटी मऊ लागते, म्हणून अंधारात मी उठायची, आणि हा उठून बघायचा कुणाकडे? तुमच्याकडे! खुर्ची पाहिली मी. मला एकदा वर येऊ दिलं नाही. माझं नावसुद्धा त्याला आठवायचं नाही. तुम्हाला शिंक आली तरी कळायची!"

"तुला हेवा वाटतो माझा?" इस्मतला खरंच नवल वाटलं.

"जळते मी तुमच्यावर! लहानपणापासून!"

"वा!" इस्मतनं पियाला दाणकन ठेवला. आता तोही तापला. "आणि मी? तो पडला त्या दिवसापासून मी रोज छतावर उभा. समोर रिकामी खुर्ची. तू त्याला पाणी पाजलंस, त्याचे पाय दाबलेस, शेवटचा श्वास कुठल्या बाजूनं गेला ते तू पाहिलंस. मला काय मिळालं? तुझं धुणं वाळत घातलेलं दिसायचं. त्यावरून ओळखायचो, आज चादर धुतली, म्हणजे रात्र वाईट गेली. आणि तू म्हणतेस जळते! अगं, मी कसाई माणूस, भर दुकानात सुरा हातात घेऊन जळायचो तुझ्यावर!"

सनोबर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला हसू येत होतं की रडू, ते तिनं ओढणीत लपवलं.

"काल तू त्याला खरं पुरलंस," इस्मत हळू म्हणाला. "इतके दिवस माझी पाखरं तुझ्या घरी होती, त्याची माझ्याकडे. म्हणजे भांडण चालू होतं. आता काय राहिलं?" त्यानं टोपली पुढे ढकलली. "घे. सुलह म्हणजे मलाही परत द्यायला हवीत. त्याची होती ती, आणि त्यांची पिल्लं."

टोपलीत वरच एक पांढरी मादी होती, पिवळ्या शेपटीची. मावजुदाला ओळखायला वेळ लागला नाही.

"ही केलिनची?"

"पणती असेल. केलिन तुझ्या लग्नाच्या दिवशी..."

"ठाऊक आहे. तिच्यासाठीच रडत होता तो."

इस्मतनं मान वर केली. "तिच्यासाठी? तुला कुणी सांगितलं?"

"मी पाहिलं. आकाशाकडे बघत होता."

"अगं, ती अंड्यावर आलेली होती!" इस्मत ओरडलाच. "अंड्यावर आलेली मादी कुणी उडवतं का? परवा कबुतर पाळायला लागलेला माणूससुद्धा उडवणार नाही. पोट जड, दोन चकरांत दमते, दिसेल त्या छतावर उतरते. माझ्या छतावर उतरली. मी धरली, पण दिवसभर मला चैन नाही, की सोबिरजाननं हे केलं कसं? आयुष्यात त्यानं अशी चूक केली नाही, ना आधी, ना नंतर. पुढे एकदा छतावरून मीच ओरडून विचारलं. तो म्हणाला, सनई वाजायला लागली होती, हातात कुठलं पाखरू आहे ते दिसलं नाही."

मावजुदानं टोपलीत हात घातला आणि ती पांढरी मादी बाहेर काढली. पाखराच्या छातीत धडधड चालली होती. बरं वाटलं म्हणावं तर तसंही नाही. राग गेला म्हणावं तर तसंही नाही. इतकी वर्षं ही गोष्ट या कसायाकडे पडून होती आणि तिच्याकडे नव्हती, याचाच तिला पुन्हा हेवा वाटला.

"तेव्हाच सांगायचंत," ती म्हणाली.

"जंग होती," इस्मत म्हणाला.

*

रविवारी कबुतरं बाजारात गेली नाहीत. मावजुदानं कारण सांगितलं की सर्दीनं डोकं दुखतंय. पुढच्या रविवारी कारणही सांगितलं नाही. चाळिसावा झाला, इस्मतनं शेला सोडला. हिवाळाभर ती रोज सकाळी हाळी देऊन वर चढत राहिली. म्हाताऱ्या रहमतनं दाढी घरात करायची सवय लावून घेतली. बायका म्हणाल्या, बापाचं वेड लेकीला लागलं. म्होरका म्हणाला, बाईनं छतावर उभं राहणं शोभत नाही. "मग तुम्ही वर बघू नका," मावजुदा छतावरूनच म्हणाली.

कबुतरं आधी तिच्या हाताला येईनात. मग तिनं बापाचा अंगरखा घातला, खिशात राळे भरले. आली. शीळ मात्र तिला जमेना. सनोबरनं शेवटच्या पायरीवर बसून शिकवली. सनोबर एकदा पाय वर टाकायला लागली तशी मावजुदा म्हणाली, "थांब. तुझी जागा तीच." एवढा हेवा तिनं स्वतःपुरता राखून ठेवला होता.

इस्मत मात्र खंगला. पाखरं उडवायची म्हणून उडवायचा. त्याचं एखादं वाट चुकून इकडे उतरलं की संध्याकाळी मावजुदा निमूट पाठवून द्यायची, तिचं तिकडे गेलं की तोही. सुलह. समोरच्या छतावर तो पोतं टाकल्यासारखा बसलेला दिसायचा. मावजुदा खुर्चीवरून बघायची. दुकानही दुपारी उघडतो म्हणे.

वसंतातला नवरोजचा सण उलटला, जर्दाळू फुलून गेला, आणि एका सकाळी आकाश असं धुतल्यासारखं निघालं की दोन्ही छतांवरून थवे एकदमच उठले. वर गेले, एकमेकांत शिरले, फिरले. मावजुदानं पांढऱ्या मादीला हातात धरून तिचे पंख फडफडवले, बाप करायचा तसे. वरून थवा उतरू लागला, आणि त्याच्याबरोबर एक परका काळा नर. इस्मतचा. त्याचा सगळ्यात लाडका. तो छताच्या कडेवर टेकला, मान वाकडी करून मादीकडे बघू लागला, दोन पावलं पुढे आला. जाळं पडलं.

"पोरी!" तीन गल्ल्या पलीकडून आवाज आला. इस्मत उठून उभा होता. "ए मावजुदा! तो माझा आहे! संध्याकाळी पाठव!"

सनोबर पायरीवरून कुजबुजली, "आई, सुलह आहे."

मावजुदानं अंगरख्याच्या खिशात हात घातला. राळ्यांच्या खाली, कोपऱ्यात, निळ्या रेशमाची गुंडी होती. तिनं दातांनी दोरा तोडला, नराच्या पायात बांधला, घट्ट गाठ मारली आणि तो दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला, समोरून नीट दिसेल असा.

पलीकडे इस्मत कसायानं टोपी काढून छतावर आपटली.

"चोर!" तो गर्जला. साऱ्या गल्ल्यांतून माणसं बाहेर येऊन वर बघू लागली. "दरोडेखोर! थेट सोबिरजानची औलाद! त्याचंच रक्त, त्याचेच हात! बघून घेईन तुला, उद्या बघून घेईन!"

"उद्या लवकर उठा मग!" मावजुदानं ओरडून सांगितलं, आणि काळ्या नराला खुराड्यात टाकून कडी लावली. त्या दिवशी ती दोन वाट्या जास्त जेवली.